लेकाकडे जाताना पेन्शनची किल्ली आपल्याकडे



मी लालबाग-परळ भागातल्या महिला बचत गटांची समन्वयक. आजचा विषय ऐकून तुम्हाला वाटेल, ही बाई भलतंच काय घेऊन आली. विषय आहे म्हातारपणी परदेशात मुलांकडे राहायला जाणाऱ्या आयांचा, त्यांच्या पैशाचा आणि तिथल्या रोजच्या दिवसाचा.

तुमचा-आमचा संबंध जुना आहे. एकेकाळी परळ-लालबागच्या पोस्टांतून मनीऑर्डरी सुटायच्या त्या तुमच्याच गावांना, कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे एकेक गिरणी बंद होत गेली. त्या कामगारांची मुलं-नातवंडं शिकली. कुणी दुबईला गेलं, कुणी अमेरिकेला, कुणी ऑस्ट्रेलियाला. आता चाळीतली आजी सुनेच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू घेऊन विमानात बसते आणि सहा-सहा महिने तिकडेच राहते. तुमच्यापैकी कितीतरी जणी अशाच मुलाकडे पुण्या-मुंबईला जाता. आपला उंबरठा सुटला की तोही परदेशच. म्हणून आज सांगते ते तुम्हालाही लागू आहे.

आमच्या गटातल्या एका मावशींचं सांगते. नवरा गेल्यावर त्यांना त्याच्या पीएफची पेन्शन मिळते. त्या लेकाकडे गेल्या. जाताना मुलगा म्हणाला, "आई, तिथे मी आहे ना, इथल्या फोनचं रिचार्ज कशाला?" चार महिन्यांत नंबर बंद पडला. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर यायचा. तेवढ्यात हयातीच्या दाखल्याची मुदत संपली आणि पेन्शन थांबली. मुलगा प्रेमळ आहे, काही कमी पडू देत नव्हता. पण मावशी म्हणाल्या, "नातवाला वाढदिवसाला द्यायला स्वतःचे शंभर रुपये नव्हते गं माझ्याकडे." त्या शंभर रुपयांसाठी आजचं बोलणं आहे.

पहिलं काम हयातीच्या दाखल्याचं. सरकारी पेन्शन असेल तर हा दाखला साधारण नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो. पीएफची, म्हणजे ईपीएस-९५ ची पेन्शन असेल तर वर्षात केव्हाही देता येतो आणि तो दिल्यापासून एक वर्ष चालतो. तेव्हा निघायच्या आधीच देऊन टाका. जीवन प्रमाण नावाची सोय २०१४ पासून आहे. बोटाच्या ठशावर होतं, आता मोबाईलच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवूनही होतं. तारीख परदेशात असताना येत असेल, तर तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन दाखला करून घेता येतो. पीएफची कमीत कमी पेन्शन आज महिना १,००० रुपये आहे. रक्कम लहान वाटते, पण ती आपल्या नावाने येते, हे विसरू नका.

दुसरं काम फोनचं. बँकेला जोडलेला नंबर आपलाच हवा, मुलाचा किंवा जावयाचा नको. प्रीपेड नंबर नव्वद दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो, म्हणून लांब मुदतीचं रिचार्ज करून निघा. ओटीपी आणि पिन कुणालाही सांगायचा नाही. कुणी पोलीस असल्याचं सांगून "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे" म्हणालं तर फोन ठेवून द्या. कायद्यात अशी अटक नाही. पैसे गेलेच, तर इथे असताना लगेच १९३० वर फोन करा.

तिसरं बँकेचं. नवरा-बायकोचं खातं दोघांच्या नावाने आणि "दोघांपैकी कुणीही" व्यवहार करू शकेल असं हवं. पुष्कळ घरांत पासबुक त्यांच्या कपाटात असतं आणि ते गेल्यावर बाईला कळतं की मुदत ठेव कुठे होती. दोन वर्षं आपण खात्यात काहीच व्यवहार केला नाही, तर बँक ते खातं निष्क्रिय ठरवते. मध्येमध्ये थोडे पैसे काढा, भरा. नॉमिनीचं नाव तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. आणि परदेशात कायमचंच राहायला जाणार असाल, तर बँकेला कळवावं लागतं. मग साधं बचत खातं एनआरओ खात्यात बदलून घेतात. बाळंतपणापुरतं जाणाऱ्यांना त्याची गरज नाही.

चौथं घराचं, आणि हे जपून ऐका. "आता तिकडेच राहायचंय, तर खोली मुलाच्या नावावर करून टाक," असं सांगणारे भेटतात. गावाकडे हेच सात-बाराबद्दल ऐकू येतं. घाई करू नका. मृत्युपत्र करता येतं, ते पुढे बदलताही येतं. बक्षीसपत्र केलं की वस्तू हातातून गेली. द्यायचंच असेल तर "मुलाने आमचा सांभाळ करायचा" ही अट कागदात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तरतूद आहे की ती अट मोडली तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. त्यासाठीचं न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवर असतं.

आता तिथल्या दिवसाविषयी. परदेशात दवाखाना फार महाग. निघण्यापूर्वी प्रवासाचा विमा काढा आणि विचारून घ्या की साखर, बीपी यांसारखं आधीचं दुखणं त्यात धरतात का. बऱ्याच विम्यांत धरत नाहीत. औषधं मुक्कामापेक्षा पंधरा दिवस जास्तीची घ्या, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आखाती देशांत काही वेदनाशामक आणि खोकल्याच्या औषधांवर कडक बंधनं आहेत, आधी चौकशी करा.

अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला किती राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुधा सहा महिने मिळतात. ती तारीख वहीत लिहून ठेवा. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईला तिथे कमाई करता येत नाही. उकडीचे मोदक करून शेजारी विकणं हेसुद्धा काम धरलं जाऊ शकतं. घरच्यांना आणि मैत्रिणींना प्रेमाने खाऊ घाला, पैसे घेऊ नका.

आणि प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत करत बसू नका. मेथीच्या जुडीला रुपयांत गुणलं की घास उतरत नाही. मुलाचा पगार डॉलरमध्ये आहे, मेथीही डॉलरमध्येच घ्यायची. पण हातखर्चाचं पहिल्या आठवड्यातच मोकळेपणाने बोला. "महिन्याला इतके माझ्या हातात दे, बाकी तू बघ," असं म्हणण्यात लाज कसली? चाळीत गॅलरीत उभं राहिलं तरी चार माणसं बोलतात, तिथे दार बंद. दुपारी घरात एकटीच. म्हणून पहिल्याच आठवड्यात जवळची बाग, वाचनालय, देऊळ, महाराष्ट्र मंडळ असेल तर तेही माहीत करून घ्या. घराचा पत्ता कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. नातवंडं सांभाळा, पण आठवड्यातला एक दिवस आपला ठेवा.

हा सगळा शहाणपणा बायकांना नवा नाही. याच गिरणगावात १९७५ साली प्रेमा पुरव यांनी खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या दारात जाणाऱ्या बायका बँकेत जाऊन स्वतःच्या नावाने कर्ज घेऊ लागल्या. आपल्या बचत गटाच्या वहीतही प्रत्येकीचं नाव वेगळं असतं, नवऱ्याच्या खाली नसतं. तीच सवय म्हातारपणापर्यंत न्यायची आहे.

तर या महिन्याच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की दहा मिनिटं काढा आणि एकमेकींना पाच प्रश्न विचारा. तुझ्या खात्याला नंबर कुणाचा? नॉमिनी कोण? हयातीचा दाखला कधी संपतो? ठेवीची पावती कुठे आहे? घर-जमीन कुणाच्या नावावर आहे? जिला उत्तर माहीत नाही, तिच्यासोबत दुसरीने बँकेत, पोस्टात किंवा तलाठ्याकडे जायचं. एकटीला सोडायचं नाही.

मुलं बोलावतील तेव्हा जरूर जा. त्यांचं घर, नातवंडांची बोबडी भाषा, ते सुख पोटभर घ्या. पण जाल तेव्हा आपला नंबर, आपलं पासबुक आणि आपली सही बरोबर घेऊन जा.