वाटी सरकते, तेव्हा लपवू नका

कांद्याची निंदणी करताना आपण तासन्‌तास उकिडव्या बसतो आणि गुडघा दुखला की तेल चोळून गप्प राहतो. आज अशाच एका गुडघ्याविषयी बोलणार आहोत.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी अकरावीत होती. कबड्डी खेळताना तिचा पाय मुरगळला आणि गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला सरकली. पाय सरळ केल्यावर ती जागेवर आली. घरात ठरलं, कुणाला सांगायचं नाही, उद्या लग्न जमवायचंय. दोन वर्षांत वाटी आणखी चार वेळा सरकली. शेवटी नाशिकला हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. वाटीच्या मागची कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, झिजलं होतं.

रहाटाच्या चाकाला खाच असते, दोरी तिच्यातून फिरते. तशीच खाच मांडीच्या हाडाच्या टोकाला असते आणि वाटी तिच्यातून खाली-वर होते. खाच उथळ असली किंवा वाटीला आतून धरणारा बंध तुटला, तर वाटी बाहेर निसटते. दर वेळी कूर्चा खरवडली जाऊ शकते, आणि ती पुन्हा पहिल्यासारखी भरून येत नाही. त्यात मुलीचा काही दोष नसतो.

पहिल्यांदा वाटी सरकली तर बहुतेक वेळा पट्टा आणि मांडीचे व्यायाम यांवर भागतं. कूर्चेचा तुकडा सुटला असेल किंवा वाटी वारंवार सरकत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. कधी आतल्या बाजूला नवा बंध बसवतात. कधी नडगीच्या वरच्या टोकाचा, वाटीचा बंध जिथे जोडलेला असतो तो हाडाचा उंचवटा कापून थोडा आत आणि पुढे सरकवतात व स्क्रूने पक्का करतात. त्यामुळे वाटी रेषेत येते आणि झिजलेल्या भागावरचा दाब कमी होतो. मुलीची वाढ चालू असेल तर हाड कापणं सहसा टाळतात.

या मुलीचं तेच ऑपरेशन झालं. हाड जुळेपर्यंत काही आठवडे कुबड्या होत्या, मग कित्येक महिने व्यायाम. त्या काळात पाण्याचे हंडे भावाने भरले, भाकरी वडिलांनी थापल्या. सुरुवातीला लोक हसले. पण घराने कामं वाटून घेतली नसती, तर तिचा व्यायाम झालाच नसता. आज ती जिना चढते, कॉलेजला जाते. जड ओझं मात्र उचलत नाही, कारण झिजलेली कूर्चा झिजलेलीच आहे. दोन वर्षं आधी दाखवलं असतं तर, ही खंत ताईंना आहे.

खर्चाची धास्ती असेल, तर नाशिकच्या सिव्हिलमध्ये हाडांच्या विभागात दाखवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत न्या.

वाटी सरकली तर चोळू नका, ओढून बसवू नका. पाय आधाराने स्थिर ठेवा आणि दवाखाना गाठा. आणि पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा, कुणाच्या लेकीचा गुडघा असा निसटतो का?