दाताचा जिवंत गाभा

रात्री दीड-दोनचा सुमार असतो. घर निजलेले असते आणि एकच माणूस गालावर हात धरून येरझारा घालीत असतो. लवंग दाबून झालेली असते, मिठाच्या पाण्याच्या गुळण्याही झालेल्या असतात. सकाळ होताच तो दंतवैद्याकडे जातो. क्ष-किरण चित्रात दाढेतील कीड खोल उतरलेली दिसते आणि त्याच्यापुढे दोन वाटा ठेवल्या जातात : दाढ काढून टाकावयाची, नाहीतर ‘नस काढून’ रूट कॅनॉल करावयाचे. तिसरीही एक वाट असू शकते, हे पुष्कळांच्या कानी कधी पडतच नाही. दाताचा जिवंत गाभा जागच्या जागी राखण्याची ही वाट मुळात जुनी आहे. परंतु प्रौढांच्या खोल किडलेल्या दातांसाठी ती भरवशाची ठरली, ती गेल्या दोन-तीन दशकांत.

लोक जिला नस म्हणतात, ती वस्तुतः एक नस नव्हे. दाताच्या बाहेर एनॅमलचे कठीण कवच असते, त्याच्या आत दंतिन, आणि दंतिनाच्या पोकळीत मऊ गर. या गरात रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत आणि कडेला दंतिन घडविणाऱ्या पेशींची एक रांग आहे. एका प्रौढ दातातील गराचे आकारमान सरासरी ०.०२ घन सेंटिमीटर, म्हणजे पाण्याच्या थेंबाच्या निम्मेही नव्हे. बत्तीस दातांतील सारा गर एकत्र केला, तरी एक घन सेंटिमीटर भरत नाही. परंतु एवढासा हा गर जन्मभर जागा असतो. कीड जवळ येऊ लागली की तो आपल्या बाजूने भिंत जाड करू लागतो. शत्रू तटाला सुरुंग लावीत असता आतून दुसरा तट उभारावा, तसा हा प्रकार. दाह वाढला की मात्र त्याची कुचंबणा होते. बोट सुजले तर सुजेला पसरावयास जागा असते. दातातील गराला चहूबाजूंनी टणक भिंती. रात्रीच्या त्या ठणक्याचे मूळ बहुधा या कोंडमाऱ्यात असते.

गर काढून टाकलेला दात लगेच निकामी होतो असे नाही. नीट केलेले रूट कॅनॉल वर्षानुवर्षे टिकते, आणि त्याची निंदा करण्याचे काहीच कारण नाही. परंतु तो दात नवीन दंतिन घडवू शकत नाही, आणि पुन्हा कीड लागली तर वेळीच कळ देऊन सूचनाही देत नाही. शिवाय मुळापर्यंत पोहोचण्यासाठी दात आतून पोखरावा लागतो, वर कॅप बसवावी लागते, आणि खर्च वाढतो तो वेगळाच.

मग गर वाचवावा कसा? या प्रश्नावर दंतवैद्यकात एक जुना वाद आहे. कीड कोरीत कोरीत वैद्य गराजवळ येतो. शेवटचा मऊ, काळपट थर उरतो. तो खरवडला तर गर उघडा पडणार. ठेवला तर कीड आत राहणार. इंग्लंडचे जॉन टोम्स यांनी १८५९ साली असे मत दिले की, दात गमावण्याचा धोका पत्करण्यापेक्षा तो थर गराच्या रक्षणासाठी राहू द्यावा. अमेरिकेच्या जी. व्ही. ब्लॅक यांनी १९०८ साली नेमके उलट सांगितले : मऊ पडलेल्या दंतिनाखाली गर झाकून ठेवण्यापेक्षा तो उघडा पडलेला बरा. ब्लॅक यांचा अधिकार मोठा होता. दंतवैद्यकाच्या कित्येक पिढ्या त्यांच्या शिस्तीत वाढल्या, आणि टोम्स यांचा सल्ला बराच काळ मागे पडला.

उघड्या पडलेल्या गरावर झाकण घालण्याचे प्रयत्न याहूनही जुने. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या पदरचे दंतवैद्य फिलिप फाफ यांनी १७५६ साली त्यावर सोन्याचा पत्रा बसविण्याची रीत लिहून ठेवली. पुढे १९२० साली जर्मनीत हेरमान यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरात आणले. हे नाव भारदस्त असले, तरी पदार्थ घरोघरच्या ओळखीचा आहे. विड्याच्या पानाला लावतात तो चुना हाच. (म्हणून कोणी डबीतला चुना किडलेल्या दाढेत भरू नये, तोंड भाजेल आणि दाढही जाईल.) औषधासाठी तयार केलेल्या या चुन्याखाली गर कधी नव्या दंतिनाचा पूल बांधी, तर कधी निमूटपणे मरून जाई. असे का व्हावे, याचा उलगडा कित्येक वर्षे झाला नाही.

तो झाला १९६५ साली, अमेरिकेत, आणि तोही उंदरांच्या दाढांत. काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेरल्ड या तिघा संशोधकांनी दोन प्रकारचे उंदीर घेतले. काही नेहमीसारखे वाढलेले. काही जन्मापासून पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात राखलेले. दोन्ही प्रकारच्या उंदरांच्या दाढांना भोके पाडून गर उघडा केला आणि तसाच ठेवला. औषध नाही, झाकण नाही. खाल्लेले अन्न खुशाल त्या भोकांत जाऊन बसू दिले. नेहमीच्या उंदरांत आठ दिवसांतच वरचा गर मेला आणि पुढे मुळांशी गळवे झाली. निर्जंतुक उंदरांत मात्र अन्नाचे कण तसेच अडकलेले असताना गर जिवंत राहिला; चौदाव्या दिवसाच्या सुमारास भोकावर दंतिनाचा पूल दिसू लागला आणि तीन-चार आठवड्यांत भोक बुजून गेले. गर नाजूक असतो, तो उघडा पडला की संपला, ही समजूत यामुळे ढासळली. उघडे पडल्याने गर मरत नाही, जंतू आत शिरल्याने मरतो. दंतवैद्यकाच्या इतिहासात इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग क्वचितच झाला असेल.

तरीही प्रौढांच्या दातांबाबत साशंकता उरलीच. मुलांच्या गराला रक्तपुरवठा भरपूर, तेथे तो सावरतो; वय वाढलेल्या माणसाचा कसला सावरणार, असे मानले जाई. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये ३१४ प्रौढ रुग्णांवर केलेल्या तुलनेचे निष्कर्ष ब्यॉर्नडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केले. एका गटातील सारी कीड एकाच बैठकीत काढली; दुसऱ्यात थोडी ठेवून दात घट्ट बंद केला आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा उघडून उरलेली काढली. वर्षाअखेर दुसऱ्या गटातील ७४.१ टक्के दातांचा गर सुस्थितीत होता, पहिल्यातील ६२.४ टक्के. पाच वर्षांनी हेच आकडे ६०.२ आणि ४६.३ वर आले. म्हणजे टोम्स यांचे म्हणणे वावगे नव्हते. पण आकडे गर्व करण्यासारखेही नव्हते. ब्राझीलमध्ये अशाच पद्धतीच्या अभ्यासात तर एक घरगुती अडचण निघाली : दुखणे थांबल्यावर कित्येक रुग्ण दुसऱ्या बैठकीला आलेच नाहीत, आणि त्यांचे दात बिघडले. तेव्हा एकाच बैठकीत, गराजवळचा थर ठेवून, दात कायमचा भरून टाकणे पुष्कळांना अधिक शहाणपणाचे वाटू लागले.

यश वाढविले ते एका नव्या द्रव्याने, आणि तेही घरबांधणीच्या वखारीतूनच आले. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबीनेजाद यांनी १९९३ साली ‘एमटीए’ पुढे आणले. त्याचा मुख्य घटक म्हणजे शुद्ध केलेले पोर्टलंड सिमेंट. ओलाव्यात ते घट्ट होते आणि जंतूंना फट ठेवीत नाही. गर त्याच्या शेजारी सुखाने नांदतो.

आज ही क्रिया होते ती अशी. भूल दिल्यावर दातावर रबराचा पातळ पडदा ताणून त्याला लाळेपासून वेगळे करतात. कडेची सगळी कीड स्वच्छ काढतात, कारण कडा घट्ट बसल्या नाहीत तर पुढचे सारे व्यर्थ. गर उघडा पडलाच, तर जंतुनाशक द्रावणात भिजविलेला बोळा त्यावर धरून वैद्य घड्याळाकडे पाहतो. काही मिनिटांत रक्त थांबले, तर खालचा गर निरोगी समजावयाचा; न थांबल्यास दोन-तीन मिलिमीटर कापून पुन्हा पाहावयाचे, आणि प्रसंगी मुळांच्या तोंडापर्यंतचा वरचा सारा गर काढून मुळांतील तेवढा राखावयाचा. मग सिमेंट, आणि त्यावर पक्के भरण. इराणमध्ये असह्य ठणका असलेल्या ४०७ रुग्णांत अशी क्रिया व रूट कॅनॉल यांची तुलना झाली. पाच वर्षांनी दोहोंचे निकाल जवळजवळ सारखे आले. अमेरिकेतील या शाखेच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली मान्य केले की, ठणका आहे एवढ्यावरून गर काढलाच पाहिजे असे नाही. गंमत अशी की, तो शेवटचा थर ठेवावा की काढावा, यावर मात्र एकमत नाही. २०१९ साली युरोपातील संघटनेने ठेवण्याकडे कल दाखविला, अमेरिकेतील संघटनेने पूर्ण काढण्याकडे. टोम्स आणि ब्लॅक अद्याप भांडतच आहेत म्हणावयाचे!

प्रत्येक दात या वाटेने वाचत नाही. गर मरून मुळाशी पू धरला असेल, तर ही वाट बंद होते. दाताचा एवढा भाग गेला असेल की वर भरण टिकणार नाही, तरीही तेच. खर्चाच्या दृष्टीने सिमेंट स्वस्त नाही, आणि या कामाला हात सवयीचा लागतो. म्हणून सगळ्याच दवाखान्यांत हा पर्याय सुचविला जात नाही. रुग्णाने विचारून पाहावे, एवढे तरी त्याच्या हाती आहे. विचारण्यास उशीर मात्र नको. थंड पाण्याची क्षणभर कळ येते तेव्हा गर पुष्कळदा शाबूत असतो. कळ मिनिटभर रेंगाळू लागली किंवा आपोआप उठू लागली की दिवस मोजके उरतात.

सहा महिन्यांनी, वर्षाने रुग्णाला पुन्हा बोलावतात. नवे क्ष-किरण चित्र जुन्याशेजारी ठेवून मुळाचे टोक न्याहाळतात. वरचा गर राखलेला असेल, तर बर्फासारखा गार बोळा दाढेला टेकवितात. रुग्ण किंचित दचकतो, ‘लागलं’ म्हणतो आणि दुसऱ्याच क्षणी कळ ओसरते. पूर्वी ज्या कळेने त्याची झोप उडविली होती, तिचीच ही हलकीशी झुळूक वैद्य समाधानाने वहीत नोंदवून ठेवतो.