स्मृतिभ्रंश : काळजी घेणाऱ्यांचीही काळजी
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील मनोगत)



१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढील दशकांत हा परिसर उद्योगनगरी म्हणून नावारूपास आला. गावोगावहून येऊन ज्या पिढीने येथे तिन्ही पाळ्यांत घाम गाळला, ती आज वार्धक्यात आहे. त्यांतील काहींच्या वाट्याला स्मृतिभ्रंश आला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतातील साठीपुढील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना हा विकार आहे.

अशा घरांतील चित्र आमच्या परिचयाचे आहे. मुलगा चाकणला पाळीवर, नातवंडे शाळेत आणि घरी सासरे व सूनबाई. सासरे पहाटे चारला उठून डबा मागतात, कंपनीची बस चुकेल म्हणून दाराकडे धावतात. निवृत्त होऊन कित्येक वर्षे लोटली, असे सांगितले की वाद वाढतो. अशाच एका सूनबाई आमच्या बाह्यरुग्ण विभागात खालमानेने म्हणाल्या, "भाजी आणायला जाताना बाहेरून कुलूप लावते. पाप वाटतं, पण करू काय?" औषधाची चिठ्ठी हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

उत्तर प्रशिक्षणात आहे. रुग्ण मुद्दाम तसे वागत नाही, हे एकदा उमगले की निम्मा राग ओसरतो. मग वाद न घालता "आधी चहा घेऊ या" म्हणून मन वळविणे, दिनक्रम ठरावीक ठेवणे, खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवणे, न्हाणीघरात धरण्यासाठी दांडी बसविणे, शेजाऱ्यांना विश्वासात घेऊन तासभर सोबत मागणे, या गोष्टी शिकता येतात. गोंधळ एकाएकी वाढला तर तो जंतुसंसर्गामुळेही असू शकतो. अशा वेळी विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे, हेही कळते.

आपल्या शेजारच्या गोव्यात हा प्रयोग झाला आहे. तेथील ८१ कुटुंबांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. अल्पकालीन प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी सहा महिने घरोघरी जाऊन मार्गदर्शन व धीर दिला. त्यामुळे रुग्णांचा आजार हटला नाही. मात्र काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य लक्षणीय सुधारले. मोठी यंत्रसामग्री नसतानाही हे साधले, ही बाब आमच्यासारख्या संस्थेस उमेद देणारी आहे.

म्हणूनच आम्ही आपणापुढे तीन गोष्टींसाठी हात पसरीत आहोत : पाळ्यांच्या वेळा पाहून घेतले जाणारे प्रशिक्षणवर्ग, घरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांचे मानधन आणि रुग्णाला दिवसाचे काही तास सुरक्षित ठेवता येईल असे एक दालन. इमारतीवर कोरलेल्या नावासारखे हे दान डोळ्यांत भरणार नाही. पण त्या काही तासांत एखादी सूनबाई दाराला कुलूप न लावता बाजारात जाऊन येईल.

कुटुंबीयांना एवढीच विनंती, की थकलात तर संकोच न करता सांगा. थकणे म्हणजे कर्तव्यात कसूर नव्हे. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय साहाय्यक्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

आपल्या औदार्यावर आमची भिस्त आहे.