पदवीनंतर डॉक्टर व्हायचे असेल तर
(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



बारावीच्या मुलांना क्लासवाले सगळे सांगतात. मी बोलणार आहे ते बी.एस्सी. झालेल्या, पण डॉक्टर व्हायची इच्छा मनातून न गेलेल्या मुला-मुलींबद्दल. तिशीकडे झुकलेली मुलगी असली की घरचे म्हणतात, आता कसले मेडिकल!

वयाची अडचण नाही. नीटसाठी कमाल वयाची अट २०२२ मध्ये निघाली. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवेत. ज्याने गणित घेऊन इंजिनिअरिंग केले, त्याला जीवशास्त्र हा जादा विषय मान्यताप्राप्त बोर्डातून देता येतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तशी सूचना काढली. पदवीचे गुण मात्र प्रवेशाला उपयोगी नाहीत. ७२० गुणांची नीट तीच, स्पर्धा सतरा वर्षांच्या पोरांशीच, आणि कोर्सही पूर्ण साडेपाच वर्षांचा, इंटर्नशिप धरून. विलायतेत पदवीधरांसाठी चार वर्षांचा वेगळा कोर्स असतो, अमेरिकेत तर आधी पदवी आणि मगच मेडिकल. आपल्याकडे तशी सोय नाही.

इथेच एजंट गाठतो. फिलिपिन्सचे नाव सुरतेत नवीन नाही. तिथली पद्धत अमेरिकेसारखी, म्हणजे आधी बी.एस. आणि मग चार वर्षांची एम.डी. एजंट दोन्हींची बेरीज करून दाखवतो आणि 'झाले एम.बी.बी.एस.' म्हणतो. पण १८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला वैद्यकीय कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, आणि वर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. चार वर्षे म्हणजे ४८ महिने. बी.एस. त्यात धरली जात नाही, हे आयोगाने सांगितले आहे. सहा महिने कमी पडले म्हणून घर गहाण टाकून मिळवलेली पदवी इथे कामाला येत नाही. आता कोणी 'कॉलेजने कोर्स वाढवला' म्हणत असेल, तर कॉलेजकडून लेखी घ्या आणि पैसे भरण्याआधी नियमाशी ताडून पाहा. परदेशी जायलाही २०१८ पासून नीट पास लागते. 'नीटशिवाय प्रवेश' असा फलक दिसला तर जिना चढूच नका.

आता आपल्या खास दुखण्याकडे येतो. आपण तीन पिढ्या इथले. तरी सीटच्या वेळी कधी कधी दोन्हीकडून परके ठरतो. महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून आणि तिथला अधिवास लागतो. गावी शेत असून चालत नाही. गुजरातच्या कोट्यासाठी बारावी गुजरातेतली आणि जन्माचा किंवा अधिवासाचा पुरावा. म्हणून अकरावीला पोराला लातूरला धाडण्याआधी दोनदा विचार करा. क्लास चांगले असतील, पण बारावी तिथून झाली तर मजुरा गेटचे सिव्हिल आणि उमरवाड्याचे स्मीमेर, ही दारापुढची दोन कॉलेजे राज्य कोट्यातून हातची जातात. उरतो तो अखिल भारतीय १५ टक्के.

जातीच्या दाखल्याचेही तसेच. महाराष्ट्रातला दाखला घेऊन गुजरातच्या राखीव जागेवर हक्क सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात हेच ठरवले, आणि तो खटलाही मेडिकल प्रवेशाचाच होता. आंध्रातून मुंबईत आलेला मुलगा, दाखला आंध्रचा, कॉलेज मुंबईचे. जुन्या घरांनी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, मिलचे कागद, घरपट्टीची पावती असे सुरतेतल्या वास्तव्याचे जे जे असेल ते आजच ट्रंकेतून काढावे. निकालानंतर मामलतदार कचेरीत रांग लावून ते जमत नाही.

एक मागणी मंडळाने लावून धरावी असे मला वाटते. नीटची मराठी प्रश्नपत्रिका आहे, पण ती महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते. सुरतेच्या केंद्रावर इंग्रजी, हिंदी, गुजराती. मराठीतून लिहायचे तर पोराने नंदुरबार-धुळ्याकडे केंद्र मागायचे. महापालिका इथे मराठी शाळा चालवते, निवडणुकीत मराठी मतांची मोजदाद चोख होते, मग एका केंद्रावर मराठी प्रश्नपत्रिका का नको? मात्र निवेदन देण्याआधी आपल्या वस्त्यांत विज्ञान मराठीतून शिकणारी मुले खरोखर किती, हे घरोघर जाऊन मोजू या. आकडा हातात नसेल तर खासदारसाहेब चहा पाजून परत पाठवतील.

ज्यांच्या घरी असे पदवीधर मूल आहे, त्यांनी सभेनंतर नाव द्यावे. बारावीची मार्कशीट आणि जन्मदाखला घेऊन या, आपण यंदाच्या प्रवेश पुस्तिकेशी एकेक अट लावून पाहू. फी नाही.

जय महाराष्ट्र, जय गुजरात.