अन्नावरची वासना



श्रावणातील एका ओल्या सकाळी सांगलीतील एका घराच्या जिन्याखाली मांजराचे पिल्लू आढळले. वय सुमारे दीड महिना, डोळे चिपडांनी चिकटलेले, नाक वाहून वाहून सुकलेले. घरातील आजींनी रीतीप्रमाणे बशीत दूध ठेवले. पिल्लाने बशीपर्यंत मान नेली आणि ते तसेच मागे फिरले.

"आजी, त्याला भूक नाही का गं?" नातवाने विचारले.

"जिवाला बरं नसलं की अन्नावरची वासना जाते, बाळा. तुझी नव्हती का गेली तापात?"

आजींचे निदान खोटे नव्हते. पण दूध हा त्यावरचा उपाय नव्हता. दूध सुटू लागलेल्या पिल्लांना गाईच्या दुधातील शर्करा बहुधा पचत नाही आणि जुलाब लागून उरलेसुरले पाणीही शरीरातून जाते. शेजारच्या काकूंनी तर दुधात साखर घालण्याचे सुचविले. मांजराला गोड चव कळतच नाही, हे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये जनुकांच्या आधारे दाखवून दिले आहे. त्याच काकूंनी पुढे तापावर पॅरासिटामॉलची पाव गोळी देण्याचा सल्ला दिला. सुदैवाने तो कोणी मानला नाही. ही गोळी मांजराच्या रक्तात विषासारखी भिनते व प्राण घेते.

इतके लहान पिल्लू अर्धा दिवस जरी उपाशी राहिले, तरी त्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून दुपारच्या आत त्यास जनावरांच्या डॉक्टरांकडे नेण्यात आले. डॉक्टरांनी प्रथम अंगाला हात लावून पाहिला आणि खाण्याची गोष्टच काढली नाही. गारठलेल्या पिल्लाची आतडी मंदावलेली असतात. त्या अवस्थेत पोटात घातलेले अन्न पचत नाही. कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवून आधी ऊब, कातडीखाली सलाईन, डोळ्यांत औषध, आणि मग अन्न, असा त्यांनी क्रम सांगितला.

मांजर जिभेपेक्षा नाकाने जेवते. सर्दीच्या विषाणूंनी नाक चोंदले की समोरचा घास त्याच्या लेखी अन्नच उरत नाही. काही वेळा जिभेवर व्रणही उठतात. नातवाने कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक पुसले. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ कोंडून पिल्लाला मांडीवर घेऊन तो दहा मिनिटे बसला. हे काम दिवसातून तीनदा.

खरी अडचण पुढेच होती. डॉक्टरांनी पिल्लांसाठीचे डबाबंद मांसाहारी अन्न लिहून दिले. त्या स्वयंपाकघरात कधी अंडेही आलेले नव्हते.

"दूध-पोळीवर नाही का व्हायचं, डॉक्टर?"

"नाही, आजी. तुम्ही तुमचं पाळा. पण त्याला त्याचंच अन्न लागेल."

टॉरीन नावाचे द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही. निसर्गात ते त्यास मांसातूनच मिळते. त्याच्या अभावी मांजराची दृष्टी जाते हे १९७५ मध्ये, आणि हृदय दुबळे होते हे १९८७ मध्ये संशोधकांनी सिद्ध केले. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी माळ्यावरची एक पसरट जुनी ताटली काढायला लावली.

"ही मागच्या पडवीतच राहील. आत आणायची नाही."

डबा फोडून ताटली गरम पाण्याच्या परातीत ठेवली, तेव्हा वास पसरला. आजी पदर नाकाला लावून दाराआड उभ्या राहिल्या, पण आत गेल्या नाहीत. पिल्लू हुंगले आणि मागे सरले. घाईने तोंडात कोंबण्याचा मोह तेव्हा सर्वांनाच झाला. कोंबलेले अन्न श्वासनलिकेत उतरू शकते. शिवाय त्या अन्नाचाच पिल्लाला तिटकारा बसतो. सुईविना सिरिंजने गालाच्या कडेतून थेंब थेंब देता येते, मात्र तेही डॉक्टरांनी हात धरून शिकविल्यावरच. नातवाने बोटाला लागलेले किंचित अन्न पिल्लाच्या पंजाला पुसले. अंग चाटणे हा मांजराचा स्वभाव. पंजा चाटला गेला. दर दोन-तीन तासांनी चमचाभर ताजे अन्न मांडायचे, उरलेले काढून टाकायचे, असे ठरले.

रोज सकाळी किराणा मोजण्याच्या काट्यावर पिल्लाचे वजन होई आणि आजी ते कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत. निरोगी पिल्लू दिवसाला साधारण दहा ग्रॅम वाढते. पहिल्या दिवशी ४७०, दुसऱ्या दिवशी ४६०, तिसऱ्या दिवशी पुन्हा ४६०. चौथ्या पहाटे पडवीत ताटली फरशीवर घासल्याचा आवाज झाला. आजी उठून दाराशी गेल्या. ताटली भिंतीपर्यंत सरकली होती आणि पिल्लू तिच्यात दोन्ही पुढचे पाय रोवून रिकामा पत्रा चाटत होते.

"अरे, ऊठ," त्यांनी नातवाला हाक मारली, "त्याला अजून हवंय. पाणी तापायला ठेव."