माशीला माशी म्हणताना

श्रोतेहो, रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याच्या रस्त्यानं निघालं की आरे-वारेचा चढ लागतो. वरून दिसणारा समुद्र सगळेच पाहतात. मी आज तुम्हाला खाली, सुरूच्या सावलीतल्या वाळूत नेणार आहे. तिथं मी एक चोरी पाहिली.

एक गांधीलमाशी शिकार घेऊन वाळूतल्या आपल्या बिळाकडे येत होती. तिच्या मागं, वीतभर अंतर राखून, एक करडी बारीक माशी. ती वळली की हीही वळे, ती थांबली की हीही थांबे. मला वाटलं, सोबतीण असेल. पुढं पुस्तकं चाळली तेव्हा कळलं, ही पाळतीवरची माशी. गांधीलमाशी बिळात शिरते त्या संधीला ही आपल्या जिवंत अळ्या त्या शिकारीवर सोडते. आईनं आणलेला घास पाहुण्या अळ्या खातात आणि घरचं पिल्लू उपाशी मरतं. फ्रान्सच्या झाँ आँरी फाब्र यांनी एकोणिसाव्या शतकात हा प्रकार तासन्‌तास पाहून लिहून ठेवला. त्यांना नवल वाटलं ते याचं, की माश्या मारूनच पिल्लं पोसणारी वाळूतली गांधीलमाशी या चोरट्या माशीला मात्र धरत नाही.

आता ओळखायचं कसं? आपल्या मराठीनं इथं थोडा घोटाळा केला आहे. घरमाशी, मधमाशी, गांधीलमाशी, सगळ्या आपल्या लेखी माश्याच! पण मधमाशीला आणि गांधीलमाशीला पंख चार, खऱ्या माशीला दोनच. मागच्या पंखांच्या जागी टाचणीसारख्या दोन बारीक काड्या असतात, उडताना तोल सांभाळायला. ही पहिली खूण.

दुसरी खूण वागण्याची. बिळावर अधांतरी थांबलेली केसाळ माशी दुसऱ्याच्या घरात अंडी भिरकावत असते. गुरांच्या अंगावर खेकड्यासारखी आडवी सरकणारी चपटी माशी रक्त पिते, पण जीव घेत नाही. आणि घरमाशीसारखीच, पण अंगावर राठ केस असलेली, पानापानावर अळ्या धुंडाळणारी, ती टॅकिनिडी कुळातली. या कुळात साडेआठ हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. हिची अळी यजमानाला आतून खाते आणि शेवटी मारते.

याच कुळातली उझी माशी रेशीमकिड्यांवर पडते. १९८० साली ती कर्नाटकात शिरली आणि रेशीमवाले हैराण झाले. म्हणजे ही वैरीण? थांबा.

माझ्या परसातल्या लिंबावर एकदा अळ्या झाल्या. काहींच्या पाठीवर खसखशीएवढे पांढरे ठिपके होते. रोगच समजून मी सगळं झाड फवारून काढलं. ती या माश्यांची अंडी होती, हे फार उशिरा समजलं. अळ्या मेल्या, त्यांच्याबरोबर माझ्या लिंबाच्या राखणदारणीही गेल्या. पुढच्या वर्षी अळ्या परत आल्या. पांढरे ठिपके मात्र आले नाहीत.

‘परोपजीवी’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. मीही वापरला आहे. आता वापरताना अडखळतो.

तेव्हा श्रोतेहो, लिंबावर अळी दिसली तर पंप काढण्याआधी तिची पाठ एकदा नीट पाहा. कदाचित तुमचं काम कुणीतरी आधीच हाती घेतलेलं असेल.