गाणं शेवटाकडून निवडावं



अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचं नाव २०२३च्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं, ते मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणामुळे आणि आंदोलनामुळे. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आज मी बोलणार आहे त्या गावातही चालणाऱ्या आणि जपानातही चालणाऱ्या एका गोष्टीवर. चार माणसं जमली, की गाणं कोणतं म्हणायचं? हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. कराओकेच्या माइकसमोर आणि गाण्याच्या भेंड्यांत माणसं हरतात, ती बहुतेक वेळा आवाजामुळे नव्हे, निवडीमुळे.

आधी भेंड्या. शाळेची सहल एसटीत बसली, की मागच्या बाकावरून भेंड्या सुरू होतात. पहिलं अक्षर ठरलेलं, म. नवखा खेळाडू काय करतो? म आला, की तोंडात येईल ते गाणं म्हणून मोकळा होतो. मुरलेला खेळाडू आधी ओळ कुठे संपते ते पाहतो. त्याच्याकडे म ची चार गाणी असतात. एक क वर संपतं, एक र वर, एक ठ वर, एक घ वर. तो ठ वर संपणारं गाणं पहिल्या फेरीत खर्चत नाही. समोरच्यांची ठ ने सुरू होणारी गाणी म्हणून झाली, की मग ते बाहेर काढतो, आणि भेंडी चढते.

ही विद्या सिनेमापेक्षा जुनी आहे. अंतरवालीच्या शेजारच्या घनसावंगी तालुक्यात जांबसमर्थ आहे, समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८चा त्यांचा जन्म. त्यांचे मनाचे श्लोक दोनशे पाच. रेडिओही घरात नव्हता तेव्हा मुलं श्लोकांच्या भेंड्या लावत, आणि त्यांत हे श्लोक म्हणजे मोठा दारूगोळा. एक तर त्यांतले कितीतरी म नेच सुरू होतात. दुसरं म्हणजे, पाठोपाठच्या कित्येक श्लोकांचा शेवटचा चरण तोच असतो. एक रांग च वर संपते, एक न वर, एक ज वर. ज्याला रांगच्या रांग पाठ, तो समोरच्याला पुन्हा पुन्हा च देऊ शकतो. समर्थांनी श्लोक लिहिले ते मन ताळ्यावर आणायला. मुलांनी त्यांतून प्रतिपक्षाला कोंडीत धरायची युक्ती काढली. पाठांतर मात्र दोन्हीकडून झालं.

पुढे १९९३ साली झी टीव्हीवर अंताक्षरीचा कार्यक्रम सुरू झाला. अन्नू कपूर सूत्रसंचालक, आणि दीवाने, परवाने, मस्ताने असे तीन संघ. ओसरीवरचा खेळ पडद्यावर गेला.

आता जपान. तिथे भेंड्यांची सख्खी बहीण आहे, शिरितोरी. ती गाण्यांची नाही, शब्दांची. एकानं म्हणायचं साकुरा, म्हणजे चेरीचा बहर. शेवटी रा आला, म्हणून दुसऱ्यानं म्हणायचं राकुदा, म्हणजे उंट. शेवटी दा. तिसरा घाईघाईनं म्हणतो दाइकोन, म्हणजे मुळा, आणि बाद होतो! कारण जपानी भाषेत त्या शेवटच्या न् नं शब्दच सुरू होत नाही. तो ज्याच्या तोंडून आला, तो हरला.

आपल्याकडेही अशी दोन अक्षरं आहेत, ळ आणि ण. पुष्कळ मराठी गाणी त्यांवर संपतात, आणि त्यांनी सुरू होणारं गाणं सापडत नाही. पण आपण कुणाला बाद करत नाही. ळ चा ल करतो, ण चा न करतो आणि पुढे जातो. मात्रेचंही तसंच. जपानी खेळात रा आला तर रा नेच सुरू करायचं. आपण काना-मात्रा सोडून नुसतं अक्षर धरतो. त्यांचा नियम काटेकोर, आपला सैल. तरी दोन्हीकडे शहाणपण एकच, तोंड उघडण्याआधी शेवट बघा.

हाच धडा कराओकेत लागू पडतो. कराओकेचं पहिलं यंत्र कुणाचं यावर वाद आहेत, पण तो धंदा उभा राहिला कोबे शहरातल्या दाइसुके इनोऊए यांच्यापासून. ते क्लबांत साथ करणारे वादक. एका कंपनीच्या मालकाला सहलीला जायचं होतं आणि तिथे गायचं होतं. साथीला इनोऊए हवे होते. त्यांना जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी त्या गृहस्थाला झेपेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातून १९७१ साली नाणं टाकून चालणारं यंत्र तयार झालं. पेटंट त्यांनी घेतलं नाही. जगभर इतरांनी पैसे केले. इनोऊएंना २००४ साली मिळालं ते इग नोबेल शांतता पारितोषिक, का, तर माणसांना एकमेकांना सहन करण्याचा नवा मार्ग दाखवला म्हणून!

यातली कामाची गोष्ट ही, की पहिली साथ गाणाऱ्याच्या गळ्याच्या मापानं भरलेली होती. आज मोबाइलवर जो ट्रॅक मिळतो, तो मूळ गायकाच्या पट्टीत असतो. काळी एकमध्ये भजन म्हणणारा माणूस काळी चारचा ट्रॅक लावतो. मुखडा खाली असतो, म्हणून तो निभावतो. लोक माना डोलावतात. मग अंतरा येतो, सूर तारसप्तकात चढतो, आणि हळदीच्या मांडवात एकदम शांतता पसरते. म्हणून गाणं मुखड्यावरून पसंत करू नका. अंतरा आधी घरी म्हणून बघा. तो जमला तरच माइक हातात घ्या, नाहीतर ट्रॅकची पट्टी उतरवा. पुष्कळ कराओके अॅपमध्ये ती सोय असते.

जपानी गाण्यांत हा धोका जास्त. तिथे ध्रुवपदाला साबी म्हणतात, आणि कितीतरी लोकप्रिय गाण्यांत शेवटची साबी आणखी वरच्या पट्टीत जाते. शेवटचं अर्धं मिनिट आपलं नसेल, तर ते गाणं आपलं नाही.

तुम्ही म्हणाल, अंतरवालीकडच्या मोसंबीच्या बागांमध्ये जपानी गाणी कोण गातो? घरातल्या मुलांना विचारा. डोरेमॉन, शिनचॅन, हातोरी यांच्याबरोबर वाढलेली ही पिढी आता मोबाइलवर जपानी अॅनिमे पाहते आणि त्यांची शीर्षकगीतं मुळातून गुणगुणते. मराठी जिभेला ती फार जड जात नाहीत. आ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर आपल्या ओळखीचे. जपानी त्सु पुष्कळांना अडखळवतो. आपण मात्र ‘चूक’ हा शब्द म्हणतो तेव्हा जवळपास तोच उच्चार करतो. देवनागरीत लिहून घेतलं, की गाणं अर्धं पाठ झालं.

सुरुवात करायची तर जुन्या, संथ गाण्यापासून. क्यू साकामोतो यांचं ‘उए ओ मुइते आरुको’ १९६१चं. १९६३ साली ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि तेही ‘सुकियाकी’ या एका मांसाच्या पदार्थाच्या नावानं, ज्याचा गाण्याशी काडीचा संबंध नाही. चाल सोपी, आणि मधे शीळ घालायचीही सोय. मिसोरा हिबारी यांचं ‘कावा नो नागारे नो यो नि’ १९८९चं. ते संथ वाटतं, पण त्याला दमसास लागतो. ‘इव्हॅन्जेलियन’ या मालिकेचं १९९५चं शीर्षकगीत जपानी कराओकेत वर्षानुवर्षं टिकून आहे. ते तरुण, ठसक्याच्या आवाजाचं.

या गाण्यांच्या नावांच्या भेंड्याही लावता येतात. ‘उए ओ मुइते आरुको’ को वर संपलं, आपल्या सैल नियमानं क आला. क वरून ‘कावा नो नागारे नो यो नि’. ते नि वर संपलं, म्हणजे न आला, आणि न ची मराठी गाणी तर रात्रभर पुरतील. केन्शी योनेझु यांचं २०१८चं ‘लेमन’ मात्र शिरितोरीत म्हणू नका. जपानी उच्चारात ते त्या शापित न् वर संपतं. भेंड्यांत खुशाल म्हणा. आपल्याकडे तो साधा न.

कराओकेत शेवट बघायचा तो स्वतःचा घसा वाचवायला, भेंड्यांत बघायचा तो समोरच्याला अडवायला. पण समोरच्याला प्रत्येक वेळी ठ दिला, तर खेळ पाव तासात आटोपतो. एकदा जिंकायचं असेल तर ठ द्या. रात्रभर गायचं असेल तर अधूनमधून म सुद्धा देत चला.